पोटातला गोळा, कणकेचा गोळा, वर्गणी गोळा : हा एकच शब्द आहे का?

बडोदेकर_डॉक्टर

नमस्कार. प्रश्न शब्दाचा आहे, पण तो मला दवाखान्यात पडला, म्हणून आधी झालं काय ते सांगते.

मी बडोद्याची. घरी मराठी, शाळा गुजराती, पुढचं शिक्षण इंग्रजीत. गेल्या जूनपासून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सरकारी दवाखान्यात आहे. मराठी आपलीच भाषा, तेव्हा पेशंटशी बोलताना काही अडणार नाही, असं मी धरूनच चालले होते.

दोन आठवड्यांपूर्वी सत्तरीच्या एक आजी आल्या. "डाक्टरीनबाई, पोटात गोळा उठते." 'गोळा' ऐकताक्षणी माझ्या डोक्यात गाठच आली. पोट तपासलं, हाताला काही लागलं नाही. पण वय बघता सोनोग्राफी लिहून दिली. ती तालुक्याला. एसटी सकाळी एक, परतीची संध्याकाळी एक. सोबत जायला मुलानं मजुरी बुडवली. रिपोर्ट स्वच्छ आला.

तिसऱ्या दिवशी आजींनी लिफाफा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "गाठ हाय असं मी कवा म्हनलं? गोळा म्हनलं. उठते, फिरते, अन् बसते."

म्हणजे वाताची कळ. त्यांनी शब्द अगदी बरोबर वापरला होता, मला तो कळला नाही. आजी रागावल्या नाहीत, पण त्यांचा पूर्ण दिवस आणि मुलाची मजुरी गेली, हे माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून कानावर पडेल तो 'गोळा' वहीत लिहून ठेवते आहे. "परीक्षेचं नाव काढलं की पोटात गोळा येतो" (शाळेतली मुलगी). "रात्री पायात गोळे येतात" (निंदणाला जाणाऱ्या बायका). "वर्गणी गोळा करून गाडी केली" (सर्पदंशाच्या पेशंटला घेऊन आलेले लोक). आणि "एक गोळी सकाळी, एक रात्री" हे तर मीच दिवसातून शंभर वेळा म्हणते.

हा सगळा एकच शब्द आहे का? मुळात आला कुठून? 'गोल' आणि 'गोळा' यांत फरक काय? आणि पेशंटचा गोळा कोणता ते ओळखायचं कसं?

सुईण_ते_सिस्टर

डॉक्टरताई, मी ३४ वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी खेड्यांत. शेवटच्या प्रश्नाचं मला माहीत आहे तेवढं सांगते.

'गोळा' या शब्दावर थांबू नका, त्याच्या पुढचं क्रियापद ऐका. आमच्या बायका गोळा 'उठतो', 'फिरतो', 'सरकतो' म्हणाल्या की बहुतेक वेळा तो वायगोळा. कुठे खाल्लं, काय खाल्लं, पोट साफ होतं का, हे विचारायचं. गोळा 'लागतो' म्हणाल्या तर मात्र हातातलं काम टाकून त्यांना झोपवायचं. "हाताला लागतो का?" या प्रश्नाला बाई जर आपलं बोट नेमकं एका जागी ठेवत असेल, तर ती गाठ धरून चाला. गोळा 'आला' म्हणजे भीती. पण हे एवढं सोपं नाही, कारण भीतीनंही गोळा 'उठला' म्हणतात. म्हणून "कधी?" हे विचारायचंच. जेवणानंतर उठणारा गोळा वेगळा, आणि नवरा घरी यायच्या वेळेला उठणारा वेगळा. हा दुसरा मी फार पाहिलाय. त्या बायका गोळ्याचं औषध मागायला येतात आणि बाकीचे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहतात. त्यांना घाईनं उठवू नका.

पायातले गोळे म्हणजे पेटके, पोटरी दगडासारखी होते. उन्हात निंदण करणाऱ्या बाईनं दिवसभरात पाणी किती प्यायलं ते विचारा.

आणि सोनोग्राफी लिहिलीत ते चुकलं असं मनात ठेवू नका. सत्तरीच्या बाईच्या पोटाचं दुखणं आहे. वजन उतरलंय का, शौचातून रक्त जातं का, हे विचारूनही खात्री पटली नसती तर मीही तुम्हाला पाठवायलाच सांगितलं असतं.

मुद्रितशोधक

बाकीच्या प्रश्नांना मी हात घालतो. आयुष्य दुसऱ्यांच्या मजकुरातले ल आणि ळ तपासण्यात गेलं, त्यामुळे हा शब्द माझ्या जवळचा आहे.

मूळ संस्कृत 'गोल', म्हणजे चेंडूसारखी भरीव वस्तू. आर्यभटीयाच्या (इ.स. ४९९) शेवटच्या भागाचं नाव गोलपाद, भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीतल्या (११५०) एका भागाचं गोलाध्याय. भूगोल, खगोल यांतला गोल तोच. मराठीत येताना दोन स्वरांमध्ये एकटा सापडलेला ल बहुधा ळ होतो: फल-फळ, कमल-कमळ, काल-काळ. जोडाक्षरातला ल्ल मात्र ल म्हणूनच उरतो: फुल्ल-फूल. म्हणून आपल्या फळाला ळ आहे आणि फुलाला ल. या चालीनं 'गोलक'चा झाला गोळा, आणि गोळी हे त्याचं लहान रूप.

मग आज आपण आकाराला 'गोल' म्हणतो तो ल घेऊन कसा राहिला? कारण तो मागाहून, थेट संस्कृतातून किंवा हिंदी-फारसीच्या संगतीनं आला. त्याला झिजायला वेळच मिळाला नाही. गोलंदाजही तसाच. फारसीतलं 'अंदाज' म्हणजे फेकणारा, जसा तिरंदाज. तोफखान्यावर गोळे डागणारा तो गोलंदाज, पुढे क्रिकेटच्या मैदानात आला. एकाच वाक्यात "गोलंदाजाने गोळा डागला" असं लिहिता येतं, आणि त्यात एका शब्दाचा ल आणि ळ शेजारी शेजारी उभे दिसतात.

आकारासाठी घरचा शब्द होता 'वाटोळा'. संस्कृत 'वर्तुल' झिजून झालेला, म्हणजे वर्तुळाचाच सख्खा भाऊ. माझी आजी "वाटोळ्या तोंडाची पोर" असं कौतुकानं म्हणायची. पण 'वाटोळं होणे' म्हणजे सत्यानाश, हा अर्थ इतका बळावला की आज कुणा मुलीला वाटोळ्या तोंडाची म्हणायची सोय राहिली नाही. माझ्या मते 'गोल' या शब्दाला मराठीत एवढी जागा मिळाली ती यामुळे.

आता माझा खरा मुद्दा. गोल हा आकार आहे, गोळा हा आकार नाही. बांगडी गोल असते, तिला कुणी गोळा म्हणत नाही. उलट कणकेचा गोळा, मातीचा गोळा, लोण्याचा गोळा यांतला एकही नीट गोल नसतो. सुटं, पसरलेलं, सैल असं काहीतरी एका जागी आलं आणि एकमेकांना धरून राहिलं, की तो गोळा. असं पाहिलं की वर्गणी गोळा होणं, पायाचा स्नायू आखडून गोळा होणं, भीतीनं पोटात सगळं एका जागी आवळून येणं, हे एका रांगेत बसतं.

व्याकरणातही याची खूण आहे. "कणकेचे गोळे केले" इथे गोळ्याचं अनेकवचन झालं. "फुलं गोळा केली", "माणसं गोळा झाली" इथे मात्र फुलं कितीही असोत, गोळा तसाच राहतो. "फुलं गोळे केली" असं कुणी म्हणणार नाही. नामाचं नामपण गळून 'एकत्र' एवढाच अर्थ उरला, म्हणून विभक्ती-वचनाची लुडबुड तिथे चालत नाही. पण डॉक्टर, "पायात गोळे येतात" इथे तुम्ही अनेकवचन लिहिलंय, आणि ते बरोबर लिहिलंय. तो गोळा अजून वस्तू आहे. पेशंटला तो हाताशी जाणवतो.

गुऱ्हाळवाला_करवीर

मुद्रितशोधक, 'एकमेकांना धरून राहिलं की गोळा' हे वाचलं आणि आमचं चुलवाणच डोळ्यांसमोर आलं. आमच्या आजोबांपासून गुऱ्हाळ, मी शेवटचा. दहा वर्षांपूर्वी बंद केलं.

उसाचा रस काहिलीत उकळतो. भेंडीचं चिकट पाणी घालून मळी वर आणायची आणि काढून टाकायची. रस पिवळा, मग लालसर होत जातो, बुडबुडे बारीक होतात. काकवी काढायची असेल तर ती आधीच काढून घ्यायची. त्यानंतरचा सगळा खेळ गुळव्याचा. आमचा गुळव्या एका वाडग्यात गार पाणी घेऊन काहिलीशी उभा राहायचा. फावड्याच्या टोकावरचा थोडा पाक त्या पाण्यात सोडायचा आणि दोन बोटांनी वळून बघायचा. पाक पाण्यात पसरला की "अजून हाय". गोळी झाली, पण दाबल्यावर चपटी बसली, तरी "अजून". गोळी वळली आणि वाडग्यावर मारल्यावर टणकन वाजली, की काहील उतरवा म्हणून ओरडायचा. तेव्हा आठ माणसं एकदम हलायची. दोन मिनिटं उशीर झाला तर गूळ करपला, लवकर उतरवली तर ढेप पावसाळ्यात पाझरते. पुढे एक शिकलेला पाहुणा थर्मामीटर घेऊन आला होता, त्यात ११८ अंशांच्या आसपास आलं. गुळव्यानं कधी आकडा बघितला नाही. त्याचं माप म्हणजे ती गोळी.

घरात पाकातल्या लाडवांसाठी बायका 'गोळीबंद पाक' म्हणतात, तीही हीच परीक्षा.

मला विचारायचंय ते हे, की गूळ आणि गोळा एकच का?

मुद्रितशोधक

तुमचा प्रश्न फार सुंदर आहे. संस्कृतात गुळाला 'गुड' म्हणतात, आणि त्याच 'गुड' शब्दाचा दुसरा अर्थ चेंडू, गोळा. उसाचा रस आटवून त्याचा गोळा होतो म्हणून त्याचं नाव गुड, असंच कोशकार सांगतात. मराठीत ड चाही ळ होतो: षोडश-सोळा, तडाग-तळं, गुड-गूळ. तेव्हा तुमच्या गुळव्याच्या वाडग्यात जे व्हायचं, त्यावरूनच पदार्थाला नाव मिळालं. गुड आणि गोल हे शब्द एकमेकांपासून निघाले की शेजारी शेजारी वाढले, त्यात मी शिरत नाही. अर्थानं ते एका घरचे आहेत.

नागपूरची_सून

इतकी चर्चा झाली आणि यवतमाळात राहणाऱ्या डॉक्टरांना कुणी गोळाभात सांगितला नाही! हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा, तिखट, मीठ, हळद, तेलाचं मोहन, आणि अगदी थोडं पाणी. भात अर्धा शिजला की त्यावर गोळे ठेवून झाकण घालायचं. ताटात गोळा भातात फोडायचा, वरून लसूण-लाल मिरचीची गरम फोडणी, सोबत चिंचेचं सार. गोळा हातानं दाबताना मूठ घट्ट आवळायची नाही, आवळला तर आतून कोरडा दगड राहतो. सैल ठेवला तर भातात विरघळतो. माझ्या सासूबाई मला पीठ हातात देऊन सांगायच्या, "धरेल इतकंच धर."

वैद्य_सातारा

थोडी भर. पोटातल्या गोळ्यालाच आयुर्वेदात गुल्म म्हणतात. चरकसंहितेत गुल्माचे पाच प्रकार आहेत: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि रक्तज. पैकी वातगुल्म जागा बदलतो, कधी मोठा, कधी लहान होतो. आजींचं "उठते, फिरते, बसते" हे त्याचं लक्षण जवळजवळ शब्दाला शब्द आहे. रक्तगुल्म फक्त स्त्रियांना, आणि तो गर्भासारखा भासतो. म्हणून दहावा महिना उलटल्यावरच त्यावर उपचार करावा, असं चरक सांगतो. गर्भ असेल तर तो सुरक्षित राहावा एवढ्यासाठी. 'गुल्म'चे संस्कृतातले इतर अर्थ म्हणजे एकाच बुंध्यातून दाटीनं वाढलेलं झुडूप आणि ९ हत्ती, ९ रथ, २७ घोडे, ४५ पायदळ अशी सैन्याची तुकडी. तिन्हीकडे गोळा होणंच आहे.

बडोदेकर_डॉक्टर

सगळ्यांची फार आभारी आहे. गुऱ्हाळवाले दादांचा प्रश्न वाचून मी उठून बसले. गुजरातीत गुळाला 'गोळ' म्हणतात आणि गोल आकारालाही 'गोळ'च. लिहायला एकच. लहानपणापासून दोन्ही लिहीत आले, कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

सिस्टर, तुम्ही सांगितलेलं काल लगेच उपयोगी पडलं. तिशीची एक बाई "गोळा उठते" म्हणत आली. मी विचारलं, हाताला लागतो का? नाही. फिरतो का? नाही. कधी उठतो? ती गप्प झाली. मी पुढचा पेशंट घेतला आणि तिला बसायला सांगितलं. दीड वाजता ओपीडी संपली तेव्हा ती बाकावरच होती. मग बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिला गोळीची गरज नव्हती. आमच्या आशाताई आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन येणार आहेत.

उद्या बाजाराचा दिवस, गर्दी असते. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी ठेवली आहे: लागतो का, फिरतो का, कधी. लिफाफा आणणाऱ्या आजीही बाजाराला येतात. त्यांना मुलाच्या त्या दिवसाच्या मजुरीबद्दल काय म्हणावं ते अजून सुचलेलं नाही, पण भेटणार आहे.