मदत हवी आहे: बल्गेरियातला 'मुकावा', आपली 'कुवत' आणि पुठ्ठा

मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या मुक्काम सोफियात. वेळ जावा म्हणून पुस्तकबांधणीच्या वर्गाला जाते. बाईंनी 'मुकावा' आणायला सांगितला. मी दुकानात जाऊन 'कार्टोन' मागितला, तर लग्नपत्रिकेएवढा जाड कागद हातात आला. बाईंनी तो दोन बोटांत धरून वाकवला आणि हसत परत दिला. मुकावा म्हणजे करडा, दोन मिलिमीटर जाडीचा, कटर चार-चारदा फिरवल्याशिवाय न तुटणारा पुठ्ठा. खोक्यांचा नालीदार पुठ्ठा आणखी वेगळा, त्याला 'वेलपापे' म्हणतात.

मग शोधायचा नादच लागला. कार्टोन फ्रेंचांकडून आला, त्यांनी तो इटालियन 'कार्तोने'वरून घेतला. 'कार्ता' म्हणजे कागद, त्याचा हा थोरला भाऊ. रशियन, युक्रेनियनमध्येही तोच, बेलारूसीत मात्र त्याचा 'कार्दोन' होतो. वेलपापे जर्मन. आणि मुकावा तुर्की 'मुकव्वा'वरून. इथे 1878 पर्यंत जवळजवळ पाचशे वर्षं उस्मानी अंमल होता, त्याची ही खूण. तुर्कांनी तो अरबीतून घेतला, अर्थ 'बळकट केलेला'. धातू तोच, ज्यातून 'कुव्वत' आली आणि आपली 'कुवत'! म्हणजे पुठ्ठे तीन आणि तिन्ही उसने.

पोलिशमध्ये लॅटिनवरून 'तेक्तुरा'. घरचा शब्द केला तो चेक लोकांनी: 'लेपेंका', चिकटवणे या अर्थाच्या 'लेपित'वरून. कागदावर कागद चिकटवला की पुठ्ठा, सरळ हिशेब. आपलं लिंपणं आणि लेप याच कुळातले, हे कळल्यावर मला उगाचच चेकांचा अभिमान वाटला.

(कार्ताचा एक नातलग आपल्याकडेही आहे: काडतूस! पोर्तुगीज 'कार्तुशु'वरून आलेलं. पूर्वी दारू कागदाच्याच नळीत भरत.)

आता मदत हवी आहे ती अशी. 'मुकव्वा' मराठीत, दखनीत किंवा जुन्या दफ्तरांत कुणाला कधी दिसलाय का? हिंदीवाले 'गत्ता', 'दफ्ती' म्हणतात, ते माहीत आहे. आणि आपला पुठ्ठा? घोड्याचा पुठ्ठा आणि वहीचा पुठ्ठा एकच का? 'पृष्ठ'वरून आला असेल असा माझा अंदाज, पण पुरावा नाही. आजोबा छापखान्यात होते, त्यांच्या तोंडी 'पुठ्ठा' आणि 'खळ' एवढंच ऐकलंय. घरात कुणी जुने बाइंडर असतील तर त्यांना जरूर विचारा. जाड, पातळ, नालीदार यांना ते वेगवेगळं काय म्हणायचे, तेही हवंय.