दिवाळीत बियरप्रेमी दाजींना काय द्यावं? (सोलापूरच्या तीन भागांतल्या तिघांच्या गप्पा)

जुळे सोलापूर: दिवाळीला दाजी येतायत, बियरचे शौकीन आहेत. बाटल्यांचा बॉक्स द्यावा का?

होटगी रोड: बॉक्स नको. उष्णता आणि उजेडानं बियर बिघडते. हिरव्या काचेतून उजेड शिरतो, हॉप्समधले (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक बदलतात आणि उग्र वास येतो. द्यायचीच तर कॅन किंवा तपकिरी बाटली घ्या, तारीख बघून ताजी, आणि देईपर्यंत फ्रीजमध्ये उभी ठेवा.

नवी पेठ: त्यापेक्षा ग्लास द्या, रोज उपयोगाचे. गव्हाच्या बियरला 500 मिलीचा उंच, खाली निमुळता, वर रुंद. 330 मिलीची बाटली ओतून वर फेसाला भरपूर जागा उरते. जाड मग देऊ नका; लोक तो फ्रीझरमध्ये ठेवतात, आत बर्फ धरतो, ओतताच फेस उसळतो आणि अतिथंड बियरला चवच लागत नाही.

होटगी रोड: ग्लास धुवायचा ब्रशही द्या. तेलाचा ओशटपणा राहिला की फेस लगेच बसतो. आपल्या टर्किश टॉवेलनं आतून पुसू नका, धागे चिकटतात. जाळीवर उपडा वाळवा. सोबत शेंगा चटणी आणि कडक भाकरी हवीच!

जुळे सोलापूर: ठरलं, दोन ग्लास आणि ब्रश.