हस्तलिखितासाठी लेखकाने स्वतःच्या खर्चाने संपादक नेमावा का?

मृगबाग (अमळनेर):
खानदेशात कादंबरी किंवा आत्मकथन लिहिणाऱ्या नव्या लेखकाने हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवण्यापूर्वी ते स्वतःच्या खर्चाने एखाद्या मुक्त (कोणत्याही प्रकाशकाच्या नोकरीत नसलेल्या) संपादकाकडून तपासून घ्यावे, असे माझे मत आहे. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी दीर्घ पत्रव्यवहार करून संहितेवर काम करीत, तो काळ आता मागे पडला आहे. आज अनेक ठिकाणी छपाईचा खर्च लेखकाकडूनच घेतला जातो आणि संपादन म्हणून जे होते ते केवळ मुद्रितशोधन असते. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो. तिसऱ्या प्रकरणात वारलेली आत्या नवव्या प्रकरणात लग्नाला कशी आली, हे विचारणे त्याचे काम नाही, आणि त्याने विचारलेच तरी तोवर छपाईसाठी पाने जुळवून झालेली असतात. ज्यांचा या खर्चाला विरोध आहे त्यांनी कारणांसह लिहावे, ही विनंती.

सातपुडा (यावल):
माझा विरोध आहे, आणि तो केवळ पैशापुरता नाही. प्रकाशकाचा संपादक जेव्हा 'हे प्रकरण काढा' म्हणतो, तेव्हा त्यामागे प्रकाशकाची स्वतःची रक्कम अडकलेली असते. लेखकाच्या खिशातून मानधन घेणारा माणूस मात्र लेखकाला दुखावण्याचे धैर्य किती वेळा दाखवेल, याची मला शंका वाटते. हस्तलिखित मुळातच छापण्याजोगे नसेल, तर तसे सांगून पुढचे काम नाकारणारा मुक्त संपादक विरळाच.

दुसरे कारण भाषेचे आहे. साहित्य संमेलन २०२४ साली अमळनेरला भरले असले, तरी व्यवसाय म्हणून संपादन करणारे बहुतेक लोक पुण्या-मुंबईकडेच आहेत. त्यांच्या हाती अहिराणी संवाद पडले की 'मना', 'तुना', 'शे' यांच्या जागी हळूहळू 'माझा', 'तुझा', 'आहे' येते आणि धुळ्याचा म्हातारा सदाशिव पेठेत राहत असल्यासारखा बोलू लागतो. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या बोलीसकट. कोणी ती प्रमाण मराठीत घासूनपुसून घेतली असती, तर आज त्यांचे काय उरले असते?

जंक्शन (भुसावळ):
सातपुडा, आपण दिलेले उदाहरण आपल्याच विरोधात जाते. बहिणाबाईंची ती गाणी त्यांचे पुत्र सोपानदेवांनी जपली, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखून ती छापण्याचा आग्रह धरला आणि प्रस्तावनाही लिहिली. कशाला हात लावायचा नाही हे कळणे, हाच संपादनाचा अवघड भाग आहे आणि तो तेथे चोख पार पडला. (शिवाय ती बोली लेवा गणबोली आहे, असे आमच्याकडचे लोक हट्टाने सांगतात, अहिराणी आणि लेवा गणबोली एकाच पिशवीत टाकणारा संपादक मीही नेमणार नाही.)

बोली बिघडण्याची भीती खरी आहे, परंतु तिच्यावर उपाय आहे. संपूर्ण हस्तलिखित सोपवण्याआधी संवाद अधिक असलेले एक प्रकरण नमुन्यादाखल संपादित करून घ्यावे, त्याचे मानधनही द्यावे, आणि बदल पाहूनच पुढचे ठरवावे. शुद्धलेखनाचे नियम निवेदनाला लावायचे आणि पात्रांच्या तोंडच्या बोलीला लावायचे नाहीत, हे आरंभीच लेखी ठरवावे. बोलीतील रूपांची यादी लेखकाने स्वतः करून द्यावी, म्हणजे एकच शब्द चार प्रकारे छापला जात नाही. प्रत्येक बदल फाइलमध्ये खुणेसह दिसला पाहिजे आणि तो स्वीकारण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार लेखकाकडे राहिला पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले हस्तलिखित आधी युनिकोडमध्ये आणावे, कारण रूपांतरात जोडाक्षरे फुटतात आणि मग संपादकाचा निम्मा वेळ ती जुळवण्यातच जातो. कायद्याच्या बाजूनेही लेखक निराधार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार देते. अर्थात कज्जे करण्यापेक्षा नमुन्याचे एक प्रकरण स्वस्त पडते.

कांदेबाग (रावेर):
आपण दोघेही भाषेवर अडून बसला आहात, म्हणून वेगळी अडचण मांडतो. आमच्याकडच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी केळी उत्पादक कुटुंबावर कादंबरी लिहिली. शहरातील संपादकाने तिची रचना उत्तम सुधारली. पहिली साठ पाने बाजूला काढून गोष्ट बापाच्या कर्जापासून सुरू केली, आणि तो निर्णय वाचताना पटतो. मात्र त्या काटछाटीत काळाची सांगड बिघडली आणि जूनमध्ये लावलेली बाग त्याच वर्षीच्या दिवाळीला कापणीस आली. केळीचा घड हाती यायला साधारण वर्ष लागते, हे रावेरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'खोडवा म्हणजे काय, वाचकाला कळेल का?' असा प्रश्न मात्र त्याच संपादकाने समासात लिहिला होता आणि तो योग्यच होता (खोडवा म्हणजे पहिल्या कापणीनंतर फुटव्यांवर घेतलेले पुढचे पीक), कारण रत्नागिरीच्या वाचकाला ते संदर्भाने तरी कळायला हवे. तेव्हा संपादक नेमावा. पण त्याच्या कामानंतर हस्तलिखित त्या व्यवसायातल्या एका जाणत्या माणसाला वाचायला द्यावे, आणि ही फेरी वगळू नये.

सातपुडा (यावल):
जंक्शन, नमुना प्रकरणाची सूचना मला मान्य आहे आणि सोपानदेव-अत्र्यांविषयीचे म्हणणेही पटते. तरीही माझा पहिला मुद्दा आपण तसाच सोडला. अत्र्यांना त्या गाण्यांसाठी कोणी मानधन देत नव्हते. ज्या शेतकऱ्याच्या मुलाने कापसाच्या पैशातून संपादकाचे बिल भरायचे, त्याला 'हे पुस्तक अजून झालेले नाही, दोन वर्षे थांबा' असे कोण सांगणार? संपादकाने आधी हस्तलिखित वाचून केवळ लेखी अभिप्राय द्यावा, त्याचे वेगळे आणि माफक मानधन घ्यावे, आणि पुढचे काम त्यालाच द्यावे असे कोणतेही बंधन लेखकावर नसावे; एवढे होत असेल, तर माझा विरोध मागे घेतो.

मृगबाग (अमळनेर):
अभिप्राय आणि संपादन यांचे दोन स्वतंत्र करार असावेत, हे मला मान्य आहे. फक्त अभिप्राय प्रतिकूल आला, तर तो वाचून लेखकाने दुसऱ्या, अधिक गोड बोलणाऱ्या संपादकाकडे धाव घेऊ नये, यासाठी मात्र कोणताही करार उपयोगाचा नाही.