सायलेन्सर बदलल्यापासून फटाके वाजतायत, मदत हवी आहे

वळणरस्ता:
कारला आफ्टरमार्केट (कंपनीबाहेरचा) एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारे पाइप आणि सायलेन्सर, बसवून आठवडा झाला. तेव्हापासून फट-फट-फट चालू आहे. बसवणारा म्हणतो असाच वाजतो. मला पटत नाही. परवा लांब जायचंय, लवकर सांगा.

स्पॅनर_१०_१२:
पेट्रोल की डिझेल? नुसता मागचा मफलर (आवाज दाबणारा डबा) बदलला की हेडरपासून (इंजिनला लागून असलेल्या पाइपांपासून) सगळं? आवाज रेस देताना येतो, सोडताना येतो, की थंड इंजिन चालू केल्या केल्या? चेक इंजिनचा दिवा? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

रिमॅप_पंत:
एक्झॉस्ट बदलला की रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं, करायलाच हवा. ईसीयू (तोच कॉम्प्युटर) जुन्या पाइपाच्या हिशोबाने पेट्रोल सोडतोय. बाकी तपासण्यात वेळ घालवू नका.

स्पॅनर_१०_१२:
पंत, फक्त मागचा मफलर बदलला असेल तर रिमॅपची काही गरज नसते. आत येणारी हवा सेन्सर मोजतो आणि एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल-हवेचं मिश्रण सावरतो. एक्झॉस्टच्या जोडांत गळती असताना रिमॅप केला तर खोट्या रीडिंगवर ट्यून होईल.

वळणरस्ता:
पेट्रोल, १.६, टर्बो नाही. ॲक्सिलरेटर सोडल्यावर वाजतं, तिसऱ्या गिअरला ३००० आरपीएमवरून खाली येताना जास्त. दिवा नाही.

डबलसीट:
एअर इंजेक्शनची (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणारी) नळी बंद करा, पाच मिनिटांचं काम.

स्पॅनर_१०_१२:
डबलसीट, तो इलाज मोटरसायकलचा. काही गाड्यांत एअर पंप असतो, पण तो थंड इंजिन चालू केल्यावर थोडा वेळच चालतो. गरम गाडी ॲक्सिलरेटर सोडल्यावर वाजते त्याच्याशी त्याचा संबंध नाही.
वळणरस्ता, हेडर बदलले की नाही हे अजून सांगितलं नाहीत.

वळणरस्ता:
हो, हेडरपासून सगळं. ऑक्सिजन सेन्सर जुनाच. मला वाटलं एक्झॉस्ट म्हटलं की सगळं आलंच.

स्पॅनर_१०_१२:
मग आधी गळती शोधा. धुराचे झोत तुटक जातात आणि दोन झोतांच्या मध्ये पाइपात क्षणभर ओढ तयार होते. सैल जोडातून बाहेरची हवा तिथून आत शिरते. ॲक्सिलरेटर सोडताना न जळलेलं पेट्रोल पाइपात असतंच, त्याला हा ऑक्सिजन मिळाला की तिथेच पेटतं. जोड सेन्सरच्या आधीचा असेल तर दुहेरी मार: सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवतो, आणि फटाके अजून वाढतात.

तपासणी इंजिन पूर्ण थंड असताना करा. चालू केल्यावर पहिली दोन मिनिटं हेडरजवळ टिक-टिक येते का ऐका. धातू गरम होऊन फुगला की फट बुजते आणि आवाज जातो, म्हणून गरम गाडीत ती सापडत नाही. मग इंजिन बंद करा, व्हॅक्यूम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या तोंडाला लावा, दुसरं टोक कापड गुंडाळून टेलपाइपमध्ये बसवा आणि प्रत्येक जोडावर, सेन्सरच्या आट्यांवरही, साबणाचं पाणी मारा. स्कॅनर असेल तर आयडलिंगला आणि २५०० आरपीएमला फ्युएल ट्रिमचे (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो त्याचे) आकडे टाका.

रिमॅप_पंत:
स्पॅनर, फटाके लोक मुद्दाम करून घेतात. त्यात वाईट काय?

स्पॅनर_१०_१२:
मुद्दाम करताना इग्निशन मागे नेऊन पेट्रोल चालू ठेवतात. ते कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जळतं, आतली जाळी तापून वितळू शकते. इथे तर कुणी मागितलेलंही नाही.

वळणरस्ता:
हेडर इंजिनला जोडतो तिथे चौथ्या पोर्टवर (तोंडावर) बुडबुडे, बाजूला काजळीची रेघ. आयडलिंगला लाँग (दीर्घकालीन) ट्रिम +१४, २५०० ला +५. बसवणाऱ्याने पॅकिंग जुनंच वापरलं असं आता कबूल केलं.

स्पॅनर_१०_१२:
हेच. इनटेकची (हवा आत येते त्या बाजूची) गळतीही असेच आकडे दाखवते, म्हणून हेडर काढताना सुटलेली एखादी व्हॅक्यूम नळी आहे का तेही बघून घ्या. पॅकिंग नवीनच घ्या, धातूच्या थरांचं. जुनं एकदा दबलेलं असतं, परत नीट बसत नाही. फ्लँजवर (हेडरच्या जोडाच्या सपाट कडेवर) सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. फ्लँज वाकलेला असेल तर नवीन पॅकिंगही टिकणार नाही, आधी तो सपाट करून घ्या. सिलिकॉन लावू देऊ नका, त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर बाद होतो. नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. शेवटी ईसीयूतली जुनी ट्रिम पुसा, नाहीतर काही काळ जादा पेट्रोल जात राहील.

वळणरस्ता:
नट किती एनएमला (किती जोराने) आवळायचे?

स्पॅनर_१०_१२:
मॅन्युअलमधलाच आकडा घ्या, स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला तर इंजिनचं हेड उतरवायची वेळ येऊ शकते. दोन-तीनदा गरम-थंड झाल्यावर, थंड असताना नट एकदा परत तपासा. परवाच्या प्रवासाआधी तेवढं होत नसेल तर निदान वाटेत सकाळी चालू करताना टिक-टिक ऐका.