ट्रॅव्हल ट्रेलरची बांधणी विकत घेण्याआधी कशी पारखायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं आमचं नक्की झालंय, २२-२३ फुटांचा, आम्ही दोघं आणि मुलगी एवढ्यांसाठी, आणि फिरून फिरून शेवटी दोनवर येऊन गाडी अडलीये. एक कोरा करकरीत आहे, लॅमिनेटेड (थर चिकटवून केलेल्या) भिंतींचा, एक स्लाइड-आउट (उभं केल्यावर बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असलेला. दुसरा काही वर्षं वापरलेला, फायबरग्लासच्या साच्यातून काढलेला, म्हणजे वरचं आणि खालचं अशी दोन कवचं जोडून बनवतात तो प्रकार. कुठला घ्यावा हे थेट विचारत नाहीये, बांधणी पारखायची कशी ते विचारतोय, कारण ते कळलं तर निवड आपोआप होईल असं मला वाटतं.

डीलरकडे गेलं की आधी दिसतात ते दिवे, मोठा टीव्ही, इलेक्ट्रिक शेकोटी, मऊ सोफा. ट्रेलर टिकतो की कुजतो हे मात्र ठरतं भिंतीच्या आत, छतावर आणि फरशीच्या खाली, आणि तिथे कोणी आपणहून नेत नाही. ब्रँडवरून काही कळेल म्हटलं तर तेही अवघडच आहे, अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात, बरीचशी नावं थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबॅगो या तीन मोठ्या कंपन्यांची आहेत (जेको २०१६ साली थॉरकडे गेली, त्याच वर्षी ग्रँड डिझाइन विनेबॅगोकडे), खालची चासी (लोखंडी सांगाडा) बऱ्याच जणांची लिपर्ट या कंपनीची असते आणि फ्रिज, हीटर, पंप वगैरे सामानही फिरून त्याच मोजक्या कंपन्यांचं. दाराजवळ आरव्हीआयए या उत्पादकांच्या संघटनेचा शिक्का असतो तो वायरिंग, गॅस, प्लंबिंग, आग यांच्या सुरक्षेच्या नियमांचा आहे, कपाटाचा स्क्रू धरून राहील की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तरी विक्रेते तो क्वालिटीचा पुरावा म्हणून दाखवतात, हे मला अजिबात पटत नाही.

आता मुख्य मुद्दा, पाणी. जेवढं वाचलं त्यावरून माझं ठाम मत झालंय की ट्रेलर म्हातारा होण्याने मरत नाही, पाणी शिरल्याने मरतो. लॅमिनेटेड भिंतीत ॲल्युमिनियमची चौकट, मधे फोम, त्यावर पातळ लुआन प्लाय आणि बाहेरून फायबरग्लासचा पत्रा, सगळं गोंदाने चिकटवलेलं. खिडकीच्या किंवा दिव्याच्या कडेतून पाणी आत गेलं की लुआन फुगतो, गोंद सुटतो आणि बाहेरच्या पत्र्याला फोड येतात, ह्यालाच डिलॅमिनेशन म्हणतात आणि याची दुरुस्ती अतिशय महाग पडते. काही कंपन्या लुआनऐवजी ॲझडेल नावाचं कंपोझिट वापरतात ज्यात लाकूड नसल्यामुळे ते कुजत नाही, पण पाणी म्हणून थांबत नाही, ते पुढे फरशीपर्यंत जातंच. शिवाय "ॲझडेल आहे" म्हणतात तेव्हा ते बाहेरच्या बाजूला, आतल्या बाजूला की दोन्हीकडे हे खोदून विचारावं लागतं. भिंतीला गाल लावून लांबीच्या दिशेने बघितलं किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं की लाटा, फोड दिसतात, समोरून दिसत नाहीत. मी नव्या ट्रेलरला असं बघितलं तर मागच्या खिडकीच्या खाली अगदी हलकी लाट वाटली. सेल्समन म्हणाला नॉर्मल आहे. कोऱ्या ट्रेलरमध्ये हे खरंच नॉर्मल असतं का? का तिथेच नमस्कार करून निघायचं?

छतावर मी स्वतः चढून बघणार आहे, डीलर नाही म्हणाला तर शिडी मागणार. वरचं आवरण टीपीओ प्लॅस्टिकचं आहे का ईपीडीएम रबराचं, व्हेंट आणि अँटेनाभोवतीचं सीलंट सलग आहे का, कुठे केसासारख्या भेगा आहेत का, पुढच्या-मागच्या कोपऱ्यांत जिथे छत भिंतीला मिळतं तिथली पट्टी उचकटलीये का. आतून कपाटांच्या वरच्या कोपऱ्यात हात घालून ओल, पिवळे डाग, वास. फरशीवर दारापाशी, टॉयलेटजवळ आणि स्लाइड-आउटच्या कडेला टाच दाबून चालायचं, मऊ लागलं की संशय. मॉइश्चर मीटर घेतलाय, पिनवाला. लाकडात २० टक्क्यांच्या वर गेलं की धोका एवढं माहीत आहे, पण पिन टोचू दिली नाही तर बिनपिनवाला मीटर लॅमिनेटेड भिंतीवर, आत ॲल्युमिनियमची चौकट असताना, विश्वासार्ह रीडिंग देतो का? कोणी वापरला असेल तर सांगा प्लीज, यावर मला उलटसुलट वाचायला मिळतंय.

एक युक्ती मला फार आवडली ती इथेही लिहून ठेवतो. टाकीत पाणी भरून पंप चालू करायचा, नळांतली हवा काढून सगळे नळ बंद करायचे, पंप दाब धरून थांबला पाहिजे, कोणी पाणी वापरत नसताना तो मधेच परत घुरघुरला तर कुठेतरी गळतंय किंवा पंपाचा वॉल्व्ह तरी धरत नाहीये. पाच पैसे खर्च नाही आणि भिंतीआडच्या पाइपांबद्दल कळतं.

स्लाइड-आउटचं मला मनापासून टेन्शन आहे. भिंतीला एवढं मोठं भोक पाडून ते रबरी सीलने राखायचं, त्यात मोटर, रूळ, शिवाय वजन. दुसऱ्या ट्रेलरला स्लाइडही नाही आणि जोडही कमी, म्हणून मन तिकडे ओढतंय, पण जागा खूपच कमी आहे आणि पावसाळी दिवसात मुलीला घेऊन आत बसायचं म्हटलं तर ती जागा लागतेच.

वजनाचं थोडक्यात सांगतो. दाराजवळच्या स्टिकरवर सामानाची क्षमता लिहिलेली असते आणि पाणी त्यातच धरायचं, गॅलनला ८.३ पाउंड म्हणजे ४० गॅलनचे ३३० च्या वर गेले. नव्या ट्रेलरची क्षमता ९०० पाउंड आहे. मग भांडी, अंथरुणं, बॅटरी, खुर्च्या धरून उरतं काय? क्षमता इतकी कमी ठेवणं हेच हलक्या चासीचं लक्षण समजायचं का? टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष हे माहीत आहे, पण ॲक्सल वाकलाय का हे टायरच्या झिजेशिवाय आणखी कशावरून कळतं? आणि चासीच्या वेल्डिंगमध्ये नेमकं काय बघायचं, खाली झोपून बघायची तयारी आहे, फक्त बहुतेक ठिकाणी काळं प्लॅस्टिकचं आवरण असतं, ते काढायला सांगणं रास्त आहे का?

स्वतंत्र इन्स्पेक्टर नेमायचा विचार पक्का आहे, डीलरच्या ओळखीचा नाही. कोऱ्या ट्रेलरलाही इन्स्पेक्टर लावावा का यावर घरात दोन मतं आहेत, माझं मत लावावाच, कारण एकदा सही केली की पुढचे महिने ट्रेलर वॉरंटीच्या कामासाठी डीलरच्या आवारात उभा राहतो अशा तक्रारी फार वाचल्यात.

ता.क. ओढणार कशाने असं दोघांनी विचारलंय म्हणून लिहितो, ओढायला पिकअप आहे आणि हिचवरचा (गाडीला जोडायच्या सांध्यावरचा) भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत बसतोय, तो प्रश्न नाही. आणि "स्टिक अँड टिन" म्हणजे लाकडी चौकट आणि पत्र्याचा ट्रेलर का नको असं विचारलंत, नको असं काही नाही, उलट त्यात भिंत खराब झाली तर पत्रा काढून तेवढंच लाकूड बदलता येतं हा मोठा फायदा वाटतो. फक्त त्यात कूज बाहेरून दिसतच नाही म्हणतात, मग ती पकडायची कशी? ज्यांच्याकडे तसा आठ-दहा वर्षं जुना ट्रेलर आहे त्यांनी कुठले कोपरे आधी गेले ते कृपया सांगा. येत्या शनिवारी दोन्ही ट्रेलर परत बघायला जातोय, शिडी, टॉर्च आणि मीटर घेऊन, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार उपकार होतील.