मदत हवी आहे: उताराच्या ओल्या पट्टीवर टेकऑफ कुठे सोडून द्यायचा?

पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत मिशनसाठी सेसना 206 हे छोटं विमान उडवतोय, नवीनच आहे. एक गवताची पट्टी आहे, उंची 5200 फूट, लांबी 480 मीटर, उतार साधारण 10 टक्के, चढावर उतरायचं आणि उतारावरून निघायचं, दुसरा पर्याय नाही. दुपारी 25 डिग्रीला डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेसात हजार फुटांवर जाते म्हणून सकाळीच निघतो, पण तेव्हा गवत रात्रीच्या पावसाने चिंब असतं, वाळेपर्यंत थांबलं की खिंडीत ढग बसतात.

विमानाच्या हँडबुकात कोरड्या गवताला ग्राउंड रोलच्या (चाकं उचलेपर्यंतच्या जमिनीवरच्या धावेच्या) 15 टक्के वाढवा एवढंच आहे. वजन कमी करून पाहिलं, पट्टी पायी चालून बघितली (खालच्या टोकाला टाच रुतते), गवतही कापून घेतलं. अर्ध्या पट्टीवर उचलायच्या स्पीडच्या 70 टक्के स्पीड नसेल तर सोडा हा नियम माहितीये, पण तो सपाट पट्टीचा, इथे ब्रेक मारला की विमान साबणावरून गेल्यासारखं खालीच घसरतं. सीनियर म्हणतो हळूहळू अंदाज येतो. येईपर्यंत काय करू?

परतीला पेशंट नसतो, दोन माणसं आणि कॉफीची पोती, त्यामुळे वजन अजून उतरवता येईल. अशा पट्ट्यांवर उडणाऱ्यांनी सांगा, ओल्या गवताला तुम्ही किती टक्के धरता आणि सोडून द्यायची खूण वरून किती मीटरवर ठेवता?