काळ्या मातीत, भर उन्हात फुलांचा ताटवा: काय लावू, केव्हा लावू?

हिंगणघाटची ताई

नमस्कार. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. घरासमोर, फाटकापासून तुळशीवृंदावनापर्यंत, 30 फूट लांब आणि 5 फूट रुंद जागा आहे. आधी तिथे बैलबंडी उभी राहायची. मागे विटांची भिंत, तोंड पश्चिमेला, म्हणजे अकरा वाजल्यापासून सूर्य मावळेपर्यंत ऊन.

सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. रोज सकाळी परडी घेऊन देवासाठी फुलं तोडतात. आता डोळ्यांना कमी दिसतं, शेजारच्या वाड्यापर्यंत जाणं होत नाही. त्यांना दारातच, बारा महिने, चार तरी फुलं हाताला लागावीत एवढंच माझं मागणं आहे. दरवर्षी नवीन रोपं आणायला लागू नयेत, लावलेलं टिकावं.

मागच्या जुलैत एका रोपवाटिकेतून बावीस रोपं आणली होती. गुलाब, शेवंती, थोडा जरबेरा. फूटभर खड्डे केले, शेणखत घातलं, लावली. पोळ्यापर्यंत निम्मी गेली. एक गुलाब उपटून पाहिला तर मुळांचा गोळा पिशवीच्या आकाराचा, जसाच्या तसा हातात आला. वरची लाल माती तशीच, एक मूळही बाहेर आमच्या काळ्या मातीत शिरलेलं नाही. खालची मुळं तपकिरी झालेली, बोटांनी ओढली की साल सुटून यायची, आणि नालीसारखा वास. उरलेल्या शेवंतीला थंडीत फुलं आली, सासूबाईंनी ती महिनाभर तोडली. मग एप्रिलात जमिनीला भेगा पडल्या, माझा पंजा आत जाईल एवढ्या. रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी घालत होते, तरी मे संपायच्या आत सगळं वाळलं.

आता पुन्हा करायचं तर नीट करायचं आहे. कोणी आपल्याकडच्या जमिनीत असा ताटवा केला असेल तर सांगा. आमच्याकडे चार शेळ्या आहेत, त्या दुपारी सुटतात, हेही लक्षात घ्या.

दारव्ह्याचा काका

ताई, तुम्ही एका ओळीत सांगून गेल्या की तिथे बंडी उभी राहत होती. माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. वर्षानुवर्षं चाकाखाली दबलेली काळी माती म्हणजे फरशीच. त्यात फूटभर खड्डा केला, फावड्याने कडा घासून गुळगुळीत झाल्या, की तो खड्डा माठासारखा होते. पाऊस आत येते, जायला वाट नाही. गुलाबाची मुळं त्यातच कुजली.

आधी एक करून पाहा. त्या जागेत फूटभर खड्डा करा, पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी शिल्लक असेल तर तिथे खड्डे करून काहीच लावू नका, आख्खा वाफाच उचलून घ्या.

काम मे महिन्यात करा. ओल्या काळ्या मातीत हात घालता येत नाही, पायाला चिकटून चिकटून माणूस थकते आणि माती आणखी दबते. टिकासाने पूर्ण 30 फूट, दीड फूट खोल खणून घ्या. ढेकळं तशीच उन्हात तापू द्या. रोहिणीत एखादी सर आली की ती आपोआप फुटतात, मी कधी फोडत बसलो नाही. मग दोन बंड्या मुरलेलं शेणखत, त्यात जुनं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, असलं तर उत्तम, आणि सगळं मिसळून फूटभर उंच वाफा. भिंतीकडून पुढे थोडा उतार ठेवा, आणि समोरून वीतभर नाली काढून फाटकाबाहेर सोडा. ही नाली केली नाही तर बाकी सगळी मेहनत ऑगस्टात वाहून जाईल. रेती टाकू नका. चार घमेले रेतीने काळी माती भुसभुशीत होत नाही, उलट आवळून बसते.

लावायचं मृगाचे दोन चांगले पाऊस झाल्यावर, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिकटत नाही अशी झाल्यावर. रोप पिशवीतलं असेल तर लाल माती बादलीत हलक्या हाताने धुऊन काढा, मुळं मोकळी करा, मग लावा. खरं तर विकत आणायची गरजच नाही. जास्वंद, कण्हेर, मोगरा, बोगनवेल, सगळं गावात कोणाच्या ना कोणाच्या दारात असते. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या पावसाळ्यात लावल्या की धरतात. आपल्याच मातीत फुटलेलं मूळ परकं वाटून घेत नाही.

आता काय लावायचं. भिंत संध्याकाळी तव्यासारखी तापते, म्हणून मागची रांग भिंतीपासून दीड फूट सोडून. त्यात जास्वंद आणि कण्हेर, चार-पाच फुटांवर एकेक. जास्वंद तुळशीकडच्या टोकाला लावा, तिथे रोजचं पाणी जाते. मधे मोगरा, कोरांटी, गुलबक्षी. पुढे सदाफुली, निशिगंध, आणि कडेला पावसाळी लिली. सासूबाई हाताने चाचपून फुलं तोडत असतील तर बोगनवेल वाटेजवळ नको, तिचे काटे वाईट. फाटकाच्या कोपऱ्यात एक असू द्या, उन्हाळ्यात तिच्यासारखं कोणी फुलत नाही.

महिन्यांचं गणित असं बसते. चैत्र-वैशाखात मोगरा आणि कण्हेर. पहिल्या पावसाबरोबर लिली, मग गुलबक्षी दिवाळीपर्यंत. गुलबक्षी संध्याकाळी उमलते, सासूबाईंना सांजवातीच्या वेळेला उपयोगी पडेल. उन्हाळ्यात ती वरून वाळून जाते तेव्हा मेली म्हणून उपटू नका, खाली कंदासारखं मूळ जिवंत असते, पाऊस पडला की पुन्हा वर येते. थंडीत कोरांटी आणि शेवंती. सदाफुली बाराही महिने आहेच. ज्या दिवशी काहीच नसेल त्या दिवशी ती असेल.

आणि रोजच्या दोन बादल्या बंद करा. वरची बोटभर माती ओली होते, मुळं तिथेच वर राहतात आणि तिथेच भाजतात. चौथ्या-पाचव्या दिवशी, पण पोटभर पाणी द्या. वर चार बोटं कुटार पसरा. भेगा पडल्या की मुळं तुटतात, म्हणून भेग पडूच द्यायची नाही. कुटार खोडाला टेकवू नका, उदई (वाळवी) लागते.

दर्यापूरकर

काकांनी सांगितलं त्यात एक भर. पाणी गोडं आहे ना? आम्ही खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या काठाला, इथं जमिनीतलं पाणीच खारं. आमच्या विहिरीच्या पाण्यावर गुलाब आणि मोगरा पानांच्या कडा जाळून घेतात. कण्हेर, बोगनवेल आणि सदाफुली मात्र तग धरतात, आमचं अंगण त्यांच्यावरच आहे. मोगऱ्याच्या कडा करपल्या तर आधी पाणी चाखून बघा.

पुसदची माय

ताई, शेळ्या आहेत म्हणून लिहिते. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. सहसा जनावर हिरव्या कण्हेरीला तोंड लावत नाही, पण छाटलेल्या, वाळलेल्या फांद्या चाऱ्यात मिसळल्या की खातात. माझी गाभण शेळी अशीच गेली. छाटणी मीच केली होती, कोपऱ्यात ढीग ठेवला, दुसऱ्या दिवशी उचलू म्हणून. संध्याकाळी ती तोंडातून फेस काढत होती, रात्री बाराच्या आत संपली. अजूनही त्या कोपऱ्याकडे पाहवत नाही. छाटलेलं त्याच क्षणी खोल पुरून टाका. जाळू नका, धूरही वाईट. आणि सासूबाईंनी फुलं तोडली की हात धुवायला लावा.

हिंगणघाटची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. माय, तुमची गाभण शेळी वाचून मन हललं.

खड्डा केला. दुसऱ्यांदा भरला तेव्हा चार वाजले होते, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पाहिलं तर अजून चार बोटं पाणी. काका, तुमचं खरं निघालं. वाफा उचलणार. नवरा म्हणतो टिकासाचं काम दोन दिवस तो करेल, शेणखत दिराच्या गोठ्यातलं मिळेल. विहिरीचं पाणी गोडं आहे.

कण्हेर नकोच म्हणत होते मी, पण सासूबाईंना महादेवासाठी हवी आहे. मग एकच, शेळ्यांच्या वाटेपासून सगळ्यात लांब. फाटकाला दुपारी कडी राहील. काल त्यांना अंगणात नेलं आणि कुठे काय लावणार ते सांगितलं. त्या काठी टेकत भिंतीला हात लावून चालल्या, आपल्या खाटेच्या खिडकीखाली थांबल्या आणि म्हणाल्या, मोगरा इथं. तिथेच लावणार, तीन झाडं.

मोगरा मी कधी केला नाही. फुलं भरपूर यावीत म्हणून काय करायचं असतं?

दारव्ह्याचा काका

मार्गशीर्षात पाणी तोडा, पानं पिवळी पडू द्या, घाबरू नका. संक्रांतीच्या सुमारास गुडघ्याखाली छाटा, बुडाशी दोन घमेले शेणखत द्या आणि मग भरपूर पाणी सुरू करा. पहिल्या वर्षी छाटू नका, झाड अंग धरू द्या. तीन झाडांच्या मधे एक भाजलेला, पाणी झिरपणारा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरा, उन्हाळ्यात तो भरत राहा. खिडकीखाली आहे, तर माठाचं झाकण घट्ट ठेवा, डास होतात.